चिमण्या येतायत ना, मग त्याच बघ

परवा फोनवर म्हणालीस, "ताई, एवढ्या हौसेनं परसात फीडर टांगला, पण येतात कोण, तर नुसत्या चिमण्या!" तुझा हिरमोड आवाजातच कळला. मला लगेच बोलायचं होतं, पण मागून तुझ्या सासूबाईंची हाक आली आणि तू फोन ठेवलास. म्हणून आता सविस्तर लिहितेय. दुपारी त्यांचा डोळा लागला की निवांत वाच.

पहिली गोष्ट, निळे-पिवळे पक्षी आले नाहीत यात तुझं काहीच चुकलेलं नाही. दाण्याच्या भांड्यावर ते येतच नाहीत. शिंजिराला फुलातला मध लागतो, हळद्याला फळं आणि किडे, खंड्याला मासे, बेडूक, नाकतोडे. दाणा फोडायचा तर चोच आखूड, जाड आणि बुडाशी रुंद असावी लागते. परसात येणाऱ्यांपैकी तशी चोच चिमणीची, मुनियांची आणि सुगरणीची. होले नि पारवे दाणा अख्खाच गिळतात. तेव्हा बाजरी ठेवलीस तर चिमणीच येणार. आणि ती आली याचा अर्थ आसपास तिला राहायला जागा आहे. हे सुख हल्ली सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

दुसरी गोष्ट, आणि मला मनापासून सांगायचंय ते हेच. पाहायला, शिकायला आणि जीव लावायला चिमणीइतका चांगला पक्षी तुला मिळणार नाही. एखादा रंगीत पाहुणा येतो, घटकाभर बसतो आणि उडून जातो. तो कुठला, त्याचं घरटं कुठे, पिल्लं किती, आपल्याला काही कळत नाही. चिमणी मात्र जन्मली तिथून फार लांब जातच नाही. बहुतेकींचं सगळं आयुष्य एक-दोन किलोमीटरच्या आत सरतं. आज तुझ्या भांड्यावर भांडतायत त्याच उद्या येतील, आणि पुढे त्यांची पिल्लंही तिथेच दाणे टिपायला शिकतील. नर कोण, मादी कोण, हे चष्मा न लावताही कळतं. प्रेम, भांडण, बाळंतपण, आजारपण, सगळा संसार तुझ्या डोळ्यांसमोर. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून तुझं बाहेर जाणं जवळजवळ बंद झालंय, हे मला ठाऊक आहे. तू तक्रार करत नाहीस, पण मी तुझी बहीण आहे, मला कळतं. अभयारण्यात जाऊन पक्षी बघणं तुला सध्या जमणार नाही. मग जो पक्षी आपणहून तुझ्या दारात राहतो, त्याला कमी का लेखतेस?

आता बसायचं कसं ते सांगते. रोज साधारण एकाच वेळी, सकाळचा चहा झाला की, स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी पंधरा मिनिटं बस. फोन आत ठेव. फोटो काढायला गेलीस की डोळा फोटोवर राहतो, पक्ष्यावर राहत नाही. पहिले दोन-तीन दिवस नुसता गलका दिसेल. मग हळूहळू एकेक वेगळी दिसायला लागेल.

सुरुवात खाण्यापासून कर. बाजरीबरोबर मूठभर राळे किंवा न सडलेली साळ घाल आणि एकाच चिमणीच्या चोचीवर नजर ठेव. ती दाणा उचलते, जिभेनं चोचीच्या कडेला सरकवते, तिथे तो आडवा धरून दाबते आणि गोल फिरवते. फोलपट दोन्ही बाजूंनी गळून पडतं, आतला दाणा गिळला जातो. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं. म्हणून भांडं भरलेलं दिसलं तरी फसू नकोस. वर फुंकर मारून बघ, बऱ्याचदा नुसती फोलपटं असतात आणि चिमण्या उपाशी परत गेलेल्या असतात.

मग चेहरे ओळखायला शिक. नराचा माथा राखाडी, डोळ्यामागून मानेपर्यंत तपकिरी-तांबूस पट्टा, गाल पांढरे आणि हनुवटीपासून छातीपर्यंत काळा डाग. मादी मातकट, पण तिच्या डोळ्यामागे फिकट भुवईसारखी रेघ असते. ती एकदा दिसली की मादी साधीसुधी वाटत नाही. नराच्या काळ्या डागाची एक गंमत आहे. विणीचा हंगाम संपला की जुनी पिसं झडतात आणि नवी येतात, त्या नव्या पिसांची टोकं फिकट असतात. त्यामुळे काळा रंग खाली झाकलेला राहतो आणि नर मळकट दिसतो. पुढे ही टोकं झिजत जातात आणि पुढची वीण येईपर्यंत खालचा काळा रंग उघडा पडतो. चोचही तेव्हा काळी होते, एरवी ती फिकट तपकिरी असते. म्हणजे तुझ्या परसातला एखादा चिमणा दोन महिन्यांत अचानक देखणा झाला, तर तो नवा आलेला नाही, तोच आहे. ज्याचा डाग मोठा तो कळपात वरचढ, असं अभ्यासक बरीच वर्षं मानत होते. अलीकडे पुन्हा तपासून पाहिलं तर तो नियम तितका पक्का निघाला नाही. मग तुझ्या भांड्यावर पहिला मान कोणाचा, ते तूच बघ. मादीनं नराला चोचीनं रेटून हुसकावलेलंही तुला दिसेल.

जे दिसेल ते वहीत लिही. मोठं काही नको. तारीख, वेळ, किती नर, किती माद्या, काय केलं, एवढंच. डॉ. सालिम अलींची गोष्ट तुला सांगितली होती का? त्यांच्या आत्मचरित्राच्या नावात चिमणी आहे. लहानपणी त्यांनी एअरगननं पाडलेली पिवळ्या गळ्याची रानचिमणी ओळखून घ्यायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढचं आयुष्यच बदललं. पण त्याच सुमाराची, १९०६-०७ सालची, त्यांची एक छोटी नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्या साध्या घरचिमणीबद्दल आहे. तेव्हा ते जेमतेम दहा वर्षांचे होते. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात मादी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर नर पहाऱ्याला. त्यांनी नर मारला, तर थोड्याच वेळात दुसरा नर येऊन त्याच खिळ्यावर बसला. असे सात दिवसांत आठ नर. बंदूक त्या काळाची, ती आपल्याला नको. पण घरट्याची जागा धरून बसलेल्या मादीला जोडीदार किती लवकर मिळतो, हे एका शाळकरी पोरानं कागदावर उतरवलं आणि ते पुढे अभ्यासकांच्या कामी आलं. तू तर चांगली शिकलेली बाई आहेस. तुझ्या वहीलाही किंमत आहे.

आता दाणापाण्याचं. यात हौसेपेक्षा शिस्त लागते, म्हणून नीट ऐक.

बाजरी, राळे, तांदळाची कणी, बारीक ज्वारी, एवढं पुरे. उरलेला चिवडा, फरसाण, मीठ घातलेला भात, पाव घालू नकोस. डब्याच्या तळाशी राहिलेलं, वास येणारं, बुरशी धरलेलं धान्य तर अजिबात नको. आपण खाणार नाही ते त्यांनाही द्यायचं नाही. सकाळी तासाभरात संपेल इतकीच मूठ घाल. दिवसभर दाणे पडून राहिले की पारवे येतात, रात्री उंदीर येतात, आणि मग शेजारच्या काकू बोलायला येतात. त्यांचं चुकत नाही. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना खरोखर बाधते, आणि तुझ्या घरात तर आजारी माणूस आहे. म्हणून आखूड दांड्यांचा फीडर घे, त्यावर चिमणीला बसता येतं, पारव्याला पाय टेकवायला जागा मिळत नाही. नाहीतर भांड्याभोवती जाळी लाव, दीड इंची चौकटीची. तुझी चिमणी पंचवीस-तीस ग्रॅमची, ती आरामात आतबाहेर करेल.

आठवड्यातून एकदा फीडर रिकामा करून घासून धू आणि उन्हात कडकडीत वाळव. पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेली, जवळ गेलं तरी न उडणारी चिमणी दिसली तर ती आजारी आहे असं समज. अशा वेळी दाणे घालणं दोन आठवडे बंद ठेव. वाईट वाटेल, पण एकाच भांड्यावर गर्दी झाली की रोग एकीचा दुसरीला लागतो. विखुरल्या तर वाचतील. आणि फीडर हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय सासूबाईंच्या खोलीत जाऊ नकोस.

पाण्याची मातीची पसरट परळ ठेव. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको, मधे एक खडबडीत दगड असू दे. रोज सकाळी पाणी फेकून नवं भर, म्हणजे डासही होणार नाहीत. चैत्र-वैशाखात दाण्यापेक्षा पाण्याचं मोल जास्त.

तुझ्या मागच्या खिडकीची काच मोठी आहे. फीडर एकतर काचेपासून तीन फुटांच्या आत टांग, म्हणजे पाखरू उडालं तरी जोरात आपटणार नाही, नाहीतर अगदी लांब ने. मधल्या अंतरावर धोका असतो. एखादा चिमणा काचेतल्या स्वतःलाच चोची मारत बसला तर तो वेडा झालेला नाही. वीण जवळ आली की त्याला त्यात दुसरा नर दिसतो. काचेवर बाहेरून वर्तमानपत्र चिकटव, त्याचा जीव थकायचा थांबेल. आणि फेब्रुवारीपासून चिमण्या घरात शिरू लागल्या की पंखा लावताना आधी वर बघ.

बघत राहिलीस की कधीतरी दुःखाचंही दिसेल, त्याची तयारी ठेव. एक दिवस शिक्रा येईल, सगळा कळप लिंबाच्या झुडपात दडी मारेल आणि तरी एक जाईल. शिक्र्यावर दगड उचलू नकोस. त्यालाही पिल्लं आहेत. आणि एखाद्या सकाळी पिल्लू खाली पडलेलं सापडेल. पिसं आलेली असतील, शेपूट आखूड असेल, चोचीच्या कडा पिवळ्या असतील, तर ते पडलेलं नाही, घरट्यातून बाहेर निघालंय. मांजराच्या वाटेतून उचलून झुडपात ठेव आणि लांब हो. आईबाप आणखी आठवडाभर तरी त्याला भरवतात. उघडंबोडकं असेल तर घरटं शोधून परत ठेव. लहानपणापासून आपण ऐकत आलोय की माणसाचा हात लागला की चिमण्या त्याला वाळीत टाकतात, टोचून मारतात. हे खरं नाही. हात लागला म्हणून कोणी आई पिल्लू सोडत नाही. या समजापायी कितीतरी पिल्लं जमिनीवरच राहिली असतील. तू ठेव उचलून, बिनधास्त.

पिल्लं बाहेर आली की परसातला कलकलाट बघण्यासारखा असतो. पिल्लू आईएवढंच दिसतं, पण पंख थरथरवत तिच्यामागे उड्या मारतं, समोर दाण्यांची रास असली तरी चोच उघडून उभं राहतं. एका बसणीत नीट मोज, नर किती वेळा भरवतो आणि मादी किती वेळा. मला उत्तर कळव.

आणि इथेच मी इतका वेळ जे सांगायचं ठेवलंय ते सांगते. त्या भरवणाऱ्या चोचीत काय आहे ते बघ. घरट्यातल्या कोवळ्या पिल्लांना पहिले काही दिवस दाणा चालत नाही. त्यांना अळ्या, मावा, लहान नाकतोडे, कोळी असलं मऊ खाणं लागतं. इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात घरट्यांचा अभ्यास झाला, तेव्हा जिथे किडे कमी तिथे पिल्लं अशक्त राहिली आणि जास्त दगावली. म्हणजे तू पोतंभर बाजरी घातलीस तरी पिल्लू त्यावर जगणार नाही. तुझ्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर ज्या हिरव्या अळ्या येतात, ज्यांच्यासाठी तू फवारा मागवला होतास, त्या आता राहू दे. चार पानं खाल्ली तर खाऊ देत. आमटीला पुरेल इतका कढीपत्ता उरतो.

लोक म्हणतात चिमण्या संपल्या, मोबाईल टॉवरनं मारल्या. टॉवरविरुद्ध ठोस पुरावा हाती आलेला नाही. २०२० साली देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल निघाला. त्यात देशाचा एकूण हिशेब पाहता गेल्या पंचवीसेक वर्षांत चिमणी बरीचशी टिकून असल्याचं दिसलं, घट दिसली ती मोठ्या महानगरांत. दिल्लीनं तर २०१२ साली तिला राज्यपक्षी केलं. तुझ्या नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीनं २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस सुरू केला, तोही याच काळजीतून. आपल्या जुन्या घरांना वळचण होती, कौलांत फटी होत्या, भिंतीवरच्या तसबिरी तिरप्या टांगलेल्या असायच्या, दारात कणसांचे झुपके असायचे. आताच्या गुळगुळीत भिंतीत तिला बोटभर भोक सापडत नाही. सासूबाईंना विचार, त्यांच्या माहेरी चिमण्या कुठे कुठे घरटी करायच्या. त्यांना हे सगळं पाठ असेल. त्यांची कॉट खिडकीपाशी सरकव, मोजणीचं काम त्यांच्याकडे दे. दोघींना एकमेकींशी औषधांखेरीज बोलायला काहीतरी मिळेल.

तुला करता येतील अशा गोष्टी थोड्याच आहेत. एक, लाकडी घरटं लाव. भोक सव्वा ते दीड इंचाचं, त्याहून मोठं नको, नाहीतर साळुंकी शिरेल. दहा फूट उंचीवर, दुपारचं पश्चिमेचं ऊन लागणार नाही आणि मांजर पोचणार नाही अशा भिंतीवर. एकापेक्षा दोन-तीन बरी, त्यांना शेजार आवडतो. जागा नर निवडतो आणि भोकापाशी बसून एकसुरी चिवचिव करत राहतो, तो आवाज आला की समज, बोलणी सुरू झाली. अंडी साधारण चार-पाच, ती ११ ते १४ दिवस उबवतात आणि पुढे दोनेक आठवड्यांत पिल्लं उडतात. त्या काळात शिडी लावून डोकावू नकोस. आत काय काय नेतायत ते लांबून बघ: गवत, पिसं, सुतळी. कोलकात्यात अभ्यासकांना चिमण्या घरट्यात कडुनिंबाची हिरवी पानंही नेताना दिसल्या. तुझ्या गल्लीत कडुनिंब आहे, तेव्हा लक्ष ठेव. संक्रांतीनंतर मात्र झाडांवर अडकलेला मांजा काढून टाक, पायात गुंतला की पाखरू हकनाक जातं.

दुसरं, फेब्रुवारीत एक मोजणी असते, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. आपल्याकडे ती २०१३ पासून होते. चार दिवस, आणि एका वेळी किमान पंधरा मिनिटं जे दिसेल ते मोजून कळवायचं. अनेकांना वाटतं, चिमण्या काय मोजायच्या, दुर्मीळ काही दिसलं तर कळवू. उलट, नेहमीचे पक्षी कोणी मोजले नाहीत म्हणूनच ते कमी कधी झाले हे कळलं नाही. तू मोज आणि कळव.

तुझी लेक न्यू जर्सीहून म्हणाली ना, की तिकडे लोक चिमण्यांना फीडरवरून हाकलतात? तिचंही बरोबर आहे. तिथे ही चिमणी १८५०च्या दशकात ब्रुकलिनमध्ये बाहेरून आणून सोडली गेली, आणि आता ती तिथल्या मूळच्या ब्लूबर्डची घरट्याची भोकं बळकावते. आपल्याकडे ती आपल्याच मुलखातली आहे. तिकडचे नियम तुझ्या परसाला लावू नकोस.

राहता राहिली माती. चिमण्या मातीत अंघोळ करतात हे तुला माहीत आहे. कोरड्या जमिनीत पोटानं खळगा करतात, पंखांनी धूळ अंगावर उडवतात, मग झटकतात. त्यानं पिसांतला तेलकटपणा आणि उवा जातात. एका खळग्यासाठी तिघी-चौघी भांडतात. त्यासाठी त्यांना वीतभर उघडी जमीन लागते. परवा तू ओघात म्हणालीस की चिखल होतो म्हणून पुढच्या आठवड्यात सगळ्या परसात पेव्हर ब्लॉक बसवून घेणार आहेस. चालायच्या वाटेवर बसव, सासूबाईंची व्हीलचेअर नीट जायला हवी, ते खरंच आहे. पण लिंबाखालची आणि कुंपणालगतची दोन फुटांची पट्टी मोकळी सोड. गवंड्याला कामाच्या आदल्या दिवशीच खडूनं आखून दे, नाहीतर तो उत्साहात सगळंच झाकून मोकळा होईल. तुझ्या नवऱ्याला पटत नसेल तर मला फोन लावून दे, मी समजावते त्याला.